सेंट्रल ओटागोची वाइन रोडट्रिप

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधला सेंट्रल ओटागो हा जगातल्या सगळ्यात दक्षिणेकडच्या वाइन भागांपैकी एक, साधारण ४५ अक्षांशावर. समुद्र लांब, चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसा चटका बसणारं ऊन आणि रात्री मस्त गारठा, आणि पिनो न्वार या नाजूक काळ्या द्राक्षाला नेमकं हेच मानवतं. आपल्या नाशकात वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, इथे मार्चअखेर ते एप्रिल.

खरं भय वसंतातल्या थंडीचं. कोवळ्या कोंबांवर दव गोठलं की वर्षाचं पीक गेलं, म्हणून बागांमधून उंच पंखे फिरतात जे वरची उबदार हवा खाली ढकलतात, कुठे रात्रभर पाण्याचे फवारे चालू ठेवतात कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचातला कोंब वाचतो, कधी तर चक्क हेलिकॉप्टर घिरट्या घालतं.

गाडीने जायचं तर क्वीन्सटाउनहून क्रॉमवेल जेमतेम ६० किमी. वाटेत गिब्स्टन, इथली पहिली व्यावसायिक पिनो न्वार याच खोऱ्यातली, १९८७ च्या द्राक्षांची. पुढे कावाराउ नदीची अरुंद घळ ओलांडून क्रॉमवेल, तिथून वळलं की बॅनॉकबर्न. गिब्स्टन उंचावर आणि गार, म्हणून तिथली वाइन हलकी, सुगंधी. बॅनॉकबर्न उबदार, तिथली जास्त गडद आणि भरदार. एकाच दिवशी दोन्हीकडे चाखा, फरक लगेच कळतो. बॅनॉकबर्नला उघडेबोडके कडे दिसतात ना, ते १८६० च्या दशकात सोनं सापडल्यावर खाणवाल्यांनी पाण्याच्या जोरदार माऱ्याने पोखरलेले आहेत, तिथली पायवाट अजिबात चुकवू नका.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून, भारतीय लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं. पण दारूची मर्यादा कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिग्रॅ आणि वय २० च्या खाली असेल तर शून्य. वायनऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की टेस्टिंगचे घोट कधी वाढतात समजत नाही, म्हणून चालवणाऱ्याने पिऊच नये हे उत्तम, नाहीतर समोर ठेवलेल्या भांड्यात बिनधास्त थुंकावं, तिथे ते कोणालाच वावगं वाटत नाही. जून ते ऑगस्टमध्ये घळीतल्या सावलीत रस्त्यावर न दिसणारा बर्फ असतो, तेव्हा सकाळी उशिरा निघावं.