ग्रेस स्लिक : आठवणीतली आणि रेकॉर्डवरची

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे तीन दिवसांचा पॉप महोत्सव झाला. डी. ए. पेनेबेकर यांनी त्यावर केलेल्या चित्रपटात जेफरसन एअरप्लेन या बँडचं 'टुडे' हे संथ गाणं आहे. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ ग्रेस स्लिकच्या चेहऱ्यावर खिळलेला आहे. तिचे ओठ शब्दाबरहुकूम हलतात आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की हा आवाज तिचाच. प्रत्यक्षात गाण्याचा मुख्य आवाज बँडचा संस्थापक गायक मार्टी बॅलिन याचा आहे. ती त्याला साथ करते आहे आणि तो चौकटीबाहेर उभा आहे.

साठच्या दशकातल्या या गायिकेबद्दल आज जे हळवेपण आहे, ते बरंचसं असंच घडलं आहे. आवाज खरा आणि चेहराही खरा, पण कोणाचं श्रेय कोणाकडे जातं याची गल्लत झालेली. बँड तिनेच काढला, 'समबडी टू लव्ह' आणि 'व्हाइट रॅबिट' ही दोन्ही गाजलेली गाणी तिनेच लिहिली, नशेच्या तारेत सगळं आपोआप सुचलं, या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. तिचं खरं काम यापेक्षा जास्त मोलाचं आहे, म्हणून क्रम नीट लावायला हवा.

ग्रेस बार्नेट विंगचा जन्म ३० ऑक्टोबर १९३९ चा, इलिनॉय राज्यातला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात पालो आल्टोला आलं. न्यूयॉर्कचं फिंच कॉलेज, मग मायामी विद्यापीठ, १९६१ मध्ये जेरी स्लिकशी लग्न, सॅन फ्रान्सिस्कोच्या आय. मॅग्निन या मोठ्या दुकानात मॉडेलिंग, असा संगीताशी फारसा संबंध नसलेला प्रवास. ऑगस्ट १९६५ मध्ये शहरातल्या फिलमोर स्ट्रीटवर 'द मेट्रिक्स' नावाचा छोटा क्लब सुरू झाला. तो सुरू करणाऱ्यांमध्ये बॅलिन होता आणि तिथला घरचा बँड म्हणजे जेफरसन एअरप्लेन. ग्रेसने त्यांना तिथे ऐकलं. मॉडेलिंगच्या आठवडाभराच्या कमाईपेक्षा ही मंडळी एका रात्रीत जास्त मिळवतात, हा हिशेबही तिच्या डोक्यात होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द ग्रेट सोसायटी' उभा राहिला. ड्रमवर नवरा जेरी, गिटारवर दीर डार्बी. वादनात हा बँड कच्चा होता. त्यांच्या रेकॉर्डिंगचा निर्माता सिल्व्हेस्टर स्ट्यूअर्ट, म्हणजे पुढे जगभर गाजलेला स्लाय स्टोन. एका गाण्यासाठी पन्नासच्या वर टेक घ्यावे लागले असं सांगितलं जातं. पण याच कच्च्या बँडमध्ये दोन्ही गाणी जन्मली. 'समबडी टू लव्ह' डार्बीने लिहिलं. 'व्हाइट रॅबिट' ग्रेसचं.

डार्बी आणि त्यांचा सॅक्सोफोनवादक पीटर व्हॅन गेल्डर यांचे कान हिंदुस्तानी संगीताकडे लागले होते. यामागे दहा वर्षांचा इतिहास आहे. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांच्या सरोदची एलपी निघाली. हिंदुस्तानी रागसंगीताची पाश्चात्य बाजारातली ती पहिली एलपी. डार्बी पुढे भारतात येऊन खाँसाहेबांकडेच सरोद शिकला. या ओढीमुळेच ग्रेट सोसायटीच्या मैफलीतल्या 'व्हाइट रॅबिट'ची सुरुवात आलापासारखी लांब वाजत राहते, आणि ग्रेसचा आवाज यायला काही मिनिटं जातात.

एअरप्लेनची पहिली गायिका सिग्ने टोली अँडरसन. मे १९६६ मध्ये तिला मूल झालं आणि दौऱ्यांची धावपळ झेपेना. १५ ऑक्टोबरला फिलमोर सभागृहात ती शेवटचं गायली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच मंचावर ग्रेस उभी राहिली. ग्रेट सोसायटीच्या करारातून तिला सोडवायला ७५० डॉलर मोजावे लागले. सोबत ती ही दोन गाणी घेऊन आली. पंधरवड्यात हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं, फेब्रुवारी १९६७ मध्ये 'सररिअलिस्टिक पिलो' बाजारात आला आणि बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. 'समबडी टू लव्ह' पाचव्या आणि 'व्हाइट रॅबिट' आठव्या क्रमांकावर गेलं.

'व्हाइट रॅबिट' इथे सविस्तर पाहायला हवं, कारण नशेच्या दंतकथेखाली सगळ्यात जास्त दबलेलं गाणं हेच. ग्रेसने ते पन्नासेक डॉलरच्या एका जुन्या लाल पियानोवर रचलं, ज्याच्या वरच्या आठ-दहा पट्ट्या गायब होत्या. ती एलएसडी घेऊन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची 'स्केचेस ऑफ स्पेन' ही रेकॉर्ड तासन्‌तास ऐकत बसली होती, हेही तिनेच सांगितलं आहे. पण त्या ऐकण्यातून उचललेली गोष्ट अगदी नेमकी आहे : बोलेरो या स्पॅनिश नृत्याची लय, आणि स्पॅनिश वळणाचे दोन शेजारचे कॉर्ड, एफ शार्प मेजर आणि जी मेजर. एफ शार्पला षड्ज मानलं तर जी हा कोमल रिषभ. वर शुद्ध गंधार, खाली कोमल रिषभ, ही ओढ आपल्या कानाला बसंत मुखारीच्या वाटेवरची वाटते. हा राग नाही, तिथे तशी बढत नाही. पण हे गाणं भारतीय श्रोत्याला पहिल्याच ओळीत का धरतं, याचं उत्तर या अर्ध्या सुराच्या अंतरात आहे.

गाणं अडीच मिनिटांचं. ध्रुवपद नाही. आधी जॅक कॅसडीचा बास एकटा, मग स्पेन्सर ड्रायडनच्या स्नेअर ड्रमवर लष्करी कवायतीची चाल, वर जॉर्मा कौकोनेनची गिटार. ग्रेस खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी सुरू करते आणि मग एकच चढ. मधे कॉर्ड 'ए' मेजरवर येतात तेव्हा सगळं मोकळं झाल्यासारखं वाटतं, पुन्हा स्पॅनिश अंधार, आणि शेवटी आवाज सगळ्यात वर असतानाच गाणं थांबतं. हळूहळू विरत नेणारा शेवट, जो त्या काळी सर्रास असे, इथे नाही.

हे गाणं पुन्हा गाणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी पडतात : सुरुवातीलाच जोर लावतात, मग चढायला जागा उरत नाही. दुसरी चूक ड्रमरची. मधेच साधा रॉकचा ठेका धरला की बोलेरोतला ताण सुटतो. तिसरी म्हणजे सूर ओढून, मींड घेऊन ब्लूजसारखं गाणं. ग्रेसचा सूर खडा आणि सरळ लागतो, कंप येतो तो सुराच्या शेवटी. त्याच काळातली गायिका जॅनिस जॉप्लिन हिचा आवाज ब्लूजमधून आलेला, फाटत जाणारा. जिम मार्शल यांनी १९६७ मध्ये दोघींचा एकत्र काढलेला फोटो प्रसिद्ध आहे आणि त्यावरून त्यांची तुलना आजही चालू असते, पण दोघींची गायकीच वेगळी. ग्रेसच्या खड्या सुरामागे एक व्यवहारी कारणही असावं : त्या काळच्या मंचावर गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर बहुधा नसायचेच. मागे अँप्लिफायर गर्जत असताना नाजूक हरकत बुडून जायची. सरळ फेकलेला सूर मात्र आरपार जायचा.

त्या काळच्या सभागृहात प्रेक्षकांना ग्रेसचा चेहरा आपल्याइतका दिसतही नव्हता. मंच अंधारा असे आणि मागे प्रचंड पडद्यावर रंग हलत असत. एअरप्लेनसाठी हे काम ग्लेन मॅकेचा 'हेडलाइट्स' हा गट करी. पद्धत अशी : ओव्हरहेड प्रोजेक्टरवर मोठ्या घड्याळाची फुगीर काच वाटीसारखी ठेवायची. तिच्यात पाण्यात कालवलेला एक रंग आणि खनिज तेलात विरघळणारा दुसरा रंग ओतायचा. तेल-पाणी मिसळत नाही, त्यामुळे सीमारेषा स्वच्छ राहते. वर जरा लहान काच ठेवून ती तालावर दाबायची, उचलायची, फिरवायची; पडद्यावर ठिपके फुगतात, फुटतात, पळतात. रंग जास्त पडला तर प्रकाश अडतो आणि पडदा काळवंडतो. लाल-हिरव्यासारखे रंग एकमेकांत गेले की चिखलासारखा तपकिरी उरतो, मग वाटी धुऊन नव्याने सुरुवात. दिव्याच्या उष्णतेने द्रव तापून बुडबुडे येतात, कसबी माणूस त्याचाही उपयोग करून घेतो.

वुडस्टॉक या संगीत महोत्सवाची गोष्टही अशीच. एअरप्लेनची वेळ शनिवार रात्रीची होती. कार्यक्रम लांबत गेला आणि ते मंचावर आले रविवारी, १७ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी आठच्या सुमारास, रात्रभर जागून. पांढऱ्या झालरीच्या पोशाखातली ग्रेस सगळ्यांना आठवते. पण १९७० मध्ये चित्रपटगृहात आलेल्या 'वुडस्टॉक'मध्ये एअरप्लेनचं एकही गाणं नव्हतं. ते आलं १९९४ च्या वाढीव आवृत्तीत. म्हणजे पंचवीस वर्षं जगाने वुडस्टॉकमधली ग्रेस पाहिली ती मुख्यतः फोटोंमधून.

आठवणींनी गाळलेलं वर्ष म्हणजे १९७८. बँड तेव्हा जेफरसन स्टारशिप झाला होता. जूनमध्ये जर्मनीत तिच्या आजारपणामुळे लोरेलाय इथला कार्यक्रम झाला नाही आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी वाद्यांची व उपकरणांची नासधूस केली. पाठोपाठ हँबर्गमध्ये ती दारूच्या नशेत मंचावर आली, प्रेक्षकांना दुसऱ्या महायुद्धावरून डिवचलं आणि त्यानंतर बँड सोडला. याविषयी ती स्वतः स्पष्ट बोलली आहे, चाहत्यांनीही बोलायला हरकत नसावी. पुढे ती परतली. १९८५ आणि १९८७ मध्ये स्टारशिप (बँडचं पुढचं नाव) बरोबर पहिल्या क्रमांकाची गाणी दिली. १९८७ मध्ये ती ४७ वर्षांची होती. अमेरिकेत त्या वयाच्या गायिकेने तोवर पहिला क्रमांक गाठलेला नव्हता. गायिका शेर हिने तो विक्रम मोडला १९९९ मध्ये. १९८९ मध्ये एअरप्लेनचं पुनर्मीलन, आणि त्यानंतर निवृत्ती. पन्नाशीनंतर रॉक मंचावर उभं राहू नये असं तिचं मत होतं आणि ते तिने बहुतांशी पाळलं. तेव्हापासून ती चित्रं काढते. जॅनिस, ग्रेटफुल डेड या बँडचा जेरी गार्सिया आणि 'ॲलिस इन वंडरलँड'मधला ससा तिच्या कॅनव्हासवर वारंवार येतात.

मुंबईशी तिचा एक पक्का धागा आहे. ग्रेटफुल डेडचा ड्रमर मिकी हार्ट याच्या १९७२ च्या 'रोलिंग थंडर' या अल्बमवर उस्ताद अल्लारखा आणि तरुण झाकीर हुसेन वाजवतात, आणि त्याच अल्बमवर ग्रेस स्लिकही आहे.

ऐकायचं असेल तर आधी १९६६ मध्ये मेट्रिक्समध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ग्रेट सोसायटीचं 'व्हाइट रॅबिट' ऐकावं. कोलंबिया कंपनीने ते १९६८ मध्ये, ग्रेस प्रसिद्ध झाल्यावर बाहेर काढलं. मग 'सररिअलिस्टिक पिलो' मोनोमध्ये. जुनी एलपी घेताना क्रमांक पाहावा : एलपीएम-३७६६ मोनो, एलएसपी-३७६६ स्टीरिओ. स्टीरिओत आवाजावर घुमारा इतका चढवला आहे की शब्दांच्या कडा बोथट होतात. मोनोत तो कमी आहे आणि ड्रमही पुढे येतो. ब्रिटिश आवृत्ती मूळ अल्बम समजून घेऊ नये, तिच्यात पहिल्या अल्बममधली, सिग्नेच्या काळातली गाणी मिसळली आहेत. शेवटी वुडस्टॉकची सकाळ. तो संपूर्ण कार्यक्रम २००९ मध्ये प्रकाशित झाला आणि 'व्हाइट रॅबिट' त्यात शेवटून दुसरं आहे. रात्रभराच्या जागरणाने आवाज खरखरीत झालाय, तरी चढ तिने कुठेही घाईने घेतलेला नाही.