सिंहाचं कातडं की मेंढ्याचं शिंग?

प्राचीन ग्रीक राजांची नाणी गोळा करू लागलं की अलेक्झांडरच्या बाबतीत एक गल्लत हमखास होते. चांदीची, सुमारे 17 ग्रॅम वजनाची, चार द्राख्मांची (द्राख्मा हे प्राचीन ग्रीक चलन) दोन नाणी समोर येतात. दोन्हींवर उजवीकडे पाहणारा तरुण चेहरा आणि नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेलं दैवत. विक्रेते दोन्हींना सर्रास ‘अलेक्झांडरचं नाणं’ म्हणतात.

पहिल्यावर अलेक्झांडरचं नाव आहे, पण चेहरा ग्रीक पुराणातल्या वीर हेराक्लिसचा. मॅसिडोनियाचं राजघराणं स्वतःला त्याचे वंशज मानायचं. डोक्यावर सिंहाचं कातडं आणि हनुवटीखाली गाठ मारलेले सिंहाचे पंजे. मागे हातावर गरुड घेतलेला देवराज झ्यूस, शेजारी ‘अलेक्झांड्रू’, म्हणजे ‘अलेक्झांडरचं’. हा छाप इतका विश्वासाचा ठरला की इ.स.पू. 323 मध्ये राजा गेल्यावरही अनेक शहरांच्या टांकसाळी तो पुढची दोनशेहून अधिक वर्षं पाडत राहिल्या. म्हणून नाव वाचून काळ ठरवू नये. झ्यूसजवळची छोटी टांकसाळ-चिन्हं पाहावीत.

दुसरं नाणं मला कितीतरी जास्त आवडतं. ते लिसिमाखसचं, इ.स.पू. 297 च्या सुमारास सुरू झालेलं. हा अलेक्झांडरचा अंगरक्षक, पुढे ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेस प्रांताचा राजा. राजरक्त अंगात नव्हतं, तेव्हा हक्क दाखवायचा कशाच्या जोरावर? त्यानं स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून आपल्या दिवंगत धन्याचा चेहरा नाण्यावर आणला. केसांत राजपट्ट, कानाभोवती वळलेलं मेंढ्याचं शिंग. हे शिंग झ्यूस-अम्मोनचं (झ्यूस आणि इजिप्तचा देव अम्मोन यांचं एकत्र रूप), इ.स.पू. 331 मध्ये इजिप्तमधल्या सीवाच्या मंदिरात पुजाऱ्यानं अलेक्झांडरला या देवाचा पुत्र म्हटलं होतं. मागे बसलेल्या अथीना देवीच्या हातावर विजयदेवी नाइकी आहे आणि ती ‘लिसिमाखू’ या अक्षरांवर मुकुट ठेवते. राजाचं नावच विजयी! एवढ्याशा जागेत इतकं धीट राजकारण कोरणाऱ्या कारागिराला दाद द्यावीच लागते.

नाणं झिजलेलं असेल तर सिंहाची आयाळ शिंगासारखी भासते. अशा वेळी हनुवटीखाली पाहा: पंजांची गाठ असेल तर हेराक्लिस, मान मोकळी असेल तर अलेक्झांडर. मागची बाजूही बोलते: गरुड असेल तर झ्यूस, ढाल असेल तर अथीना.

लिसिमाखस इ.स.पू. 281 मध्ये कोरुपेडियनच्या लढाईत पडला, पण त्याचंही नाणं थांबलं नाही. अथीनाच्या आसनाखाली त्रिशूळ दिसला, तर ते बहुधा बायझँटियमच्या टांकसाळीतलं, राजाच्या मृत्यूनंतरचं.