मेडिकल टाकायचंय? लायसन्ससाठी काय काय लागतं ते बघा

मेडिकल टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की मालक फार्मासिस्ट नसेल तर चालतं का. चालतं. लायसन्स तुमच्या नावावर, पार्टनरशिपच्या किंवा कंपनीच्या नावावर निघतं, पण दुकान उघडं असेल तेवढा वेळ रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर पाहिजे, कारण चिठ्ठीवरची औषधं त्याच्या देखरेखीखालीच द्यायची असा नियमच आहे. त्याचं डी.फार्म किंवा बी.फार्म झालेलं असावं आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असावं, नुसती डिग्री दाखवून भागत नाही.

आपल्याकडे सर्टिफिकेट भाड्याने घ्यायची पद्धत आहे, म्हणजे भिंतीवर फ्रेम एकाची आणि काउंटरला दुसराच पोरगा, हे सगळ्यांना माहितीये. यात पडू नका. एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन, औषध दुकानांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) इन्स्पेक्टर न सांगता येतो, फार्मासिस्ट जागेवर नसेल तर शो कॉज नोटीस येते, पुढे लायसन्स सस्पेंड, कधी कॅन्सलही. आणि लायसन्स राहू दे बाजूला, डोसमध्ये गडबड झाली तर भोगणार पेशंट. दुकान सकाळी ९ ते रात्री ११ चालवायचं असेल तर एका माणसाच्याने होत नाही, दोन फार्मासिस्ट धरूनच हिशोब मांडा.

जागा रिटेलसाठी किमान १० चौरस मीटर लागते, म्हणजे साधारण १०८ फूट, आणि त्याच जागेत होलसेलही करणार असाल तर १५. जागा बघतानाच टेप लावून मोजा, कारण भाडेकरार झाल्यावर ५ फूट कमी निघाली तर कोणी ऐकून घेत नाही. फ्रिज लागतोच, इन्सुलिन आणि बऱ्याचशा लसी २ ते ८ डिग्रीत ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्यात थर्मामीटर ठेवा आणि रोज टेम्परेचर लिहायची सवय लावा. लाइट सारखी जात असेल तर इन्व्हर्टर घ्या, यात काटकसर नको.

अर्ज फॉर्म १९ मध्ये, ऑनलाइन. तो जातो एफडीएच्या जिल्हा ऑफिसला, सहाय्यक आयुक्त (औषधे) यांच्याकडे. मिळतात ती दोन लायसन्स, फॉर्म २० आणि फॉर्म २१, फी प्रत्येकी १५०० म्हणजे एकूण ३००० रुपये. साधी औषधं २० मध्ये आणि लस, इन्सुलिन वगैरे २१ मध्ये येतं म्हणून दोन्ही एकदमच काढतात. शेड्यूल एक्सची, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणाखालची औषधं विकायची असतील तर २०एफ वेगळं, पण सुरुवातीला त्याची गरज सहसा पडत नाही.

कागदपत्रांत जागेचा पुरावा (स्वतःची असेल तर मालकीचे कागद आणि टॅक्स पावती, भाड्याची असेल तर करार), मापासकट नकाशा, मालकाचं आधार-पॅन आणि फोटो, पार्टनरशिप असेल तर डीड, फ्रिजचं बिल, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, त्याचं अपॉइंटमेंट लेटर आणि अॅफिडेव्हिट. फार्मासिस्ट आधी दुसरीकडे कामाला असेल तर तिथला राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा, जुन्या दुकानाच्या लायसन्सवर त्याचं नाव तसंच राहिलं तर तुमची फाइल अडकते.

मग इन्स्पेक्टर येऊन जागा बघतो, मोजतो, फार्मासिस्टला समोर बोलावतो, सगळं ठीक असेल तर लायसन्स. ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं, कपाटात ठेवायचं नाही.

खरं काम इथून पुढे सुरू होतं. शेड्यूल एच१, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांपैकी जास्त लक्ष ठेवायच्या औषधांची यादी, तिचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात सेफिक्झिम, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम अशी औषधं येतात, आणि पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध, नग हे सगळं लिहून रजिस्टर ३ वर्षं सांभाळायचं. खरेदीची बिलंही क्रमाने लावून जपून ठेवायची, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या बिलावर बॅच नंबर आलाच पाहिजे. एक्स्पायरीचा माल विक्रीच्या मालात मिसळू द्यायचा नाही, वेगळ्या बॉक्समध्ये ‘विक्रीसाठी नाही’ लिहून ठेवायचा, आणि डॉक्टरांची सॅम्पलं तर दुकानात दिसायलाच नकोत.

लायसन्स आता दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं नसतं, फक्त ती ५ वर्षं संपायच्या आत रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवायची फी भरायची. उशीर झाला तर दर महिन्याला २ टक्के लेट फी, तीही ६ महिन्यांपर्यंतच, त्यानंतर लायसन्स गेलं असं समजा. आणि पार्टनर बदलला, म्हणजे फर्मची रचनाच बदलली, तर जुनं लायसन्स जास्तीत जास्त ३ महिने चालतं, तेवढ्यात नवीन काढून घ्या.