कार्ड सांगू नका, वाचून दाखवा
नियमांवरून वाद झाला तर काय करावं: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ अशा कार्डांच्या खेळांत स्पर्धेच्या दिवशी टेबलावर आणि एरवी फोनवर आम्हाला, म्हणजे कार्डं विकणाऱ्या आणि निर्णय देणाऱ्या पंचांना, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "माझं क्रीचर (कार्डावरचा लढणारा प्राणी) मेलं का?" याचं उत्तर आम्हाला लगेच देता येत नाही. नियम माहीत नसतात असं नाही, पण या प्रश्नात कार्डावरचा एकही शब्द नसतो.

अलीकडच्याच एका मॅचचं उदाहरण घ्या. खेळ मॅजिक: द गॅदरिंग. एकाच्या मोठ्या क्रीचरला हेक्सप्रूफ (समोरच्याला ते टार्गेट, म्हणजे लक्ष्य म्हणून निवडता येत नाही) आणि इन्डिस्ट्रक्टिबल (ते डिस्ट्रॉय, म्हणजे नष्ट होत नाही) दोन्ही होतं. समोरच्याने डायबॉलिक इडिक्ट हे कार्ड टाकलं आणि म्हणाला, "हे मारतो." पहिला म्हणाला, "टार्गेट करता येत नाही, आणि केलंस तरी मरत नाही." आम्हाला बोलावलं तोवर दोघांचे आवाज चढले होते आणि ते मोठं क्रीचर दोनदा ग्रेव्हयार्डमध्ये (संपलेल्या कार्डांच्या ढिगात) जाऊन परत आलं होतं. आम्ही कार्ड मोठ्याने वाचायला लावलं. त्यावर एकच वाक्य आहे: टार्गेट प्लेअरने (निवडलेल्या खेळाडूने) एक क्रीचर सॅक्रिफाइस करायचं (आपलं आपणच ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचं). म्हणजे टार्गेट खेळाडू आहे, क्रीचर नाही, त्यामुळे हेक्सप्रूफचा संबंधच येत नाही. सॅक्रिफाइस म्हणजे डिस्ट्रॉय नव्हे, तेव्हा इन्डिस्ट्रक्टिबलही कामाचं नाही. पण कुठलं क्रीचर द्यायचं हे ज्याला द्यायचंय तो ठरवतो. त्याच्याकडे एक छोटं क्रीचर होतं, त्याने ते दिलं. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं आणि दोघंही चुकले होते. वाचायला दहा सेकंद लागली. भांडण त्याआधी वीस मिनिटं चाललं होतं.

आपण बोलताना "मारला" म्हणतो, आणि त्या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. जीवघेणं डॅमेज बसलं तर क्रीचर डिस्ट्रॉय होतं, तिथे इन्डिस्ट्रक्टिबल वाचवतं. टफनेस (क्रीचरच्या सहनशक्तीचा आकडा) शून्यावर आला तर ते डिस्ट्रॉय होत नाही, सरळ ग्रेव्हयार्डमध्ये जातं, आणि तिथे इन्डिस्ट्रक्टिबल वाचवत नाही. सॅक्रिफाइसचं वर आलंच. या तिन्हींत "डाइज" (मरतं तेव्हा) लिहिलेल्या क्षमता चालू होतात. चौथं एक्झाइल, म्हणजे खेळाबाहेर काढणं, त्यात होत नाहीत, कारण क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये पोचतच नाही. आम्हाला फोनवर "मेलं" एवढंच कळलं, तर या चारांपैकी कोणतं हे आम्ही कसं ओळखायचं?

बाकीच्या खेळांतही हेच. पोकेमॉनमध्ये "डॅमेज करा" आणि "डॅमेज काउंटर (डॅमेज मोजायच्या खुणा) ठेवा" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. काउंटर नुसते ठेवले तर वीकनेस (डॅमेज वाढवणारा कमकुवतपणा) आणि रेझिस्टन्स (डॅमेज कमी करणारा प्रतिकार) लागू होत नाहीत. यु-गि-ओमध्ये तर विरामचिन्हंसुद्धा नियमच आहेत. 2011 पासून त्यांच्या कार्डांची भाषा ठरावीक साच्यात लिहिली जाते. अर्धविरामाच्या आधीचं कार्ड सक्रिय करतानाच करायचं, नंतरचं परिणाम घडताना. म्हणून परिणाम रद्द झाला तरी आधी भरलेली किंमत परत मिळत नाही. "व्हेन… यू कॅन" असलेल्या कार्डाची वेळ मध्ये दुसरं काही घडलं तर निघून जाते, "इफ… यू कॅन" असलेल्याची जात नाही. हा एक शब्द न वाचल्यामुळे किती मॅचेस अडकल्या, ते आम्ही स्वतः पाहिलंय.

शब्द चुकला की काय होतं, याची सगळ्यात जुनी गोष्ट मॅजिक अजून बाजारात यायचं होतं तेव्हाची. चाचणीच्या एका कार्डावर लिहिलं होतं, "ऑपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न". खेळ बनवणाऱ्या रिचर्ड गारफिल्ड यांना म्हणायचं होतं की समोरच्याची पुढची पाळी जाते. खेळणाऱ्याने वाचलं की समोरचा पुढच्या पाळीत हरतो, आणि आपल्याला हमखास जिंकवणारं कार्ड मिळालं असं त्याला वाटलं. पुढे हेच कार्ड टाइम वॉक या नावाने छापलं गेलं तेव्हा मजकूर बदलून "एक जादा टर्न घ्या" असा झाला.

म्हणूनच "बनवणाऱ्याला असं म्हणायचं असणार" हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेतो, पण त्यावर निर्णय देत नाही. काहींना हे आडमुठेपणाचं वाटतं. पण हेतूवर निर्णय द्यायला लागलो तर एकाच कार्डाचा दोन टेबलांवर दोन अर्थ होईल, आणि ते कुणालाच चालणार नाही. कार्ड आणि सामान्य नियम यांत विरोध असेल तर कार्ड चालतं. एक कार्ड "करता येतं" म्हणत असेल आणि दुसरं "करता येत नाही", तर "येत नाही" जिंकतं. मॅजिकच्या अधिकृत नियमांतच हे लिहिलेलं आहे.

जुन्या कार्डांबाबत मात्र हातातलं कार्ड वाचूनही भागत नाही. 1993 च्या पहिल्या छपाईत ऑर्किश ओरिफ्लेमची किंमत चुकून दोन माना (कार्ड खेळायला खर्चावी लागणारी शक्ती) छापली गेली, खरी चार आहे. अशा वेळी कंपनीच्या डेटाबेसमधला आजचा मजकूर धरतात. आमच्याकडून जुनं सुटं कार्ड घेतलंत की तो मजकूर छापलेली चिठ्ठी आम्ही स्लीव्हमध्येच (कार्डाच्या पाकिटात) घालून देतो.

वाद झालाच तर एवढं करा: हात थांबवा. कार्डं उचलू नका, पाळी मागे नेऊ नका, "आधी खेळून घेऊ, मग विचारू" असं म्हणू नका. टेबल जसंच्या तसं असेल तर आमचा निर्णय बहुतेक वेळा मिनिटभरात होतो, आणि आमच्यामुळे गेलेला वेळ आम्ही मॅचला वाढवून देतो. आमचं म्हणणं पटलं नाही तर हेड जजकडे (मुख्य पंचाकडे) दाद मागा, त्याचा आम्हाला राग येत नाही. फोनवर विचारायचं असेल तर दोन्ही कार्डांचे स्पष्ट फोटो पाठवा आणि कुणी काय कोणत्या क्रमाने केलं ते लिहा.

आणि नवा डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बांधला असेल तर पहिल्या फेरीच्या अर्धा तास आधी या. शंका असलेली कार्डं बाजूला काढून आणा, एकेक वाचून पाहू. त्याचे पैसे घेत नाही. डेक आमच्याकडून घेतलेला असला पाहिजे असंही नाही.