पदवीसाठी पर्यावरण अभ्यास सक्तीचा कसा झाला : पार्श्वभूमी

कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी घेणाऱ्या भारतातील विद्यार्थ्याला, त्याचा मुख्य विषय कोणताही असला तरी, पर्यावरण अभ्यासाचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. विद्यार्थी ज्याला ‘ईव्हीएस’ म्हणतात तो हा पेपर विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी स्वतःहून लावलेला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला, आणि पुढे त्याचे जे बरेवाईट झाले त्याची बरीचशी कारणे या उगमातच सापडतात.

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद ५१क संविधानात आला आणि वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. मात्र ज्या नागरिकाला आपल्या गावची नदी कशाने नासते हेच कुणी शिकवलेले नाही, त्याने हे कर्तव्य पार कसे पाडावे, याचे उत्तर त्या अनुच्छेदात नव्हते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे वायुगळती झाली, १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला, आणि तरीही महाविद्यालयीन शिक्षणात हा विषय वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूगोल यांच्या एखाद्या प्रकरणापुरताच राहिला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, जो पुढे एखाद्या कारखान्याचे हिशेब पाहणार होता, त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नव्हता.

दिल्लीतील ओलियम वायुगळती आणि गंगेचे प्रदूषण यांवरील खटल्यांमुळे देशाला परिचित झालेले वकील एम. सी. मेहता यांनी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणखी एक याचिका केली. या वेळी त्यांनी कोणत्याही एका कारखान्याविरुद्ध दाद मागितली नव्हती. लोकांना पर्यावरणाचे शिक्षण द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, म्हणजे ते निवृत्त होण्याच्या अवघे दोन दिवस आधी, या याचिकेवर निर्देश दिले. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणविषयक किमान दोन स्लाइड मोफत दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनने रोज काही मिनिटांचे कार्यक्रम द्यावेत, राज्य सरकारांनी व शिक्षण मंडळांनी हा विषय इयत्तांनुसार चढत्या क्रमाने सक्तीचा करावा, असे त्यांत होते. महाविद्यालयांसाठी मात्र शब्द थोडे सौम्य होते. विद्यापीठांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम लावायला सांगण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने तातडीने पावले उचलावीत आणि तो प्रत्येक पातळीवर सक्तीचा करणे शक्य आहे का, याचा विचार करावा, असे न्यायालयाने म्हटले होते.

या विचारात एक तप गेले. मेहता यांना याच याचिकेच्या आधारे पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि १८ डिसेंबर २००३ च्या आदेशानंतर अंमलबजावणीला खरी गती आली. आयोगाने सर्व शाखांच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार करून घेतला. त्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष डॉ. एरच भरुचा हे पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालक होते. मूळचे शल्यचिकित्सक, पण आयुष्यभर वन्यजीवांच्या अभ्यासात रमलेले. आयोगासाठी पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिले. देशभरातील लाखो पदवीधरांची पर्यावरणाशी पहिली पुस्तकी ओळख ज्या आराखड्यातून झाली, तो पुण्यातील एका अभ्यासकाच्या नेतृत्वाखाली आखला गेला, याची नोंद मराठी वाचकाने अवश्य घ्यावी.

त्या आराखड्यात आठ घटक आणि पन्नास तासिका होत्या. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असे विषय घेतल्यानंतर आठव्या घटकाला पाच तासिका राखून ठेवल्या होत्या आणि त्यांत विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून नदी, जंगल, गवताळ रान, टेकडी किंवा एखादे प्रदूषित ठिकाण स्वतः पाहून त्याचा अहवाल लिहायचा होता. शंभर गुणांपैकी पंचवीस या क्षेत्रकार्याचे होते. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच होता, कारण पाणलोट किंवा विस्थापन म्हणजे काय हे व्याख्या पाठ करून कळत नाही. सामाजिक प्रश्नांच्या घटकात प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन हा विषयही स्पष्टपणे घातला होता, आणि कोयनेपासून धरणग्रस्तांचे प्रश्न पाहत आलेल्या महाराष्ट्रात त्यासाठी उदाहरणे शोधायला दूर जाण्याची गरज नव्हती.

प्रत्यक्षात सर्वाधिक झीज झाली ती याच भागाची. सक्ती वरून आली, परंतु तिच्याबरोबर स्वतंत्र अध्यापकपदे सगळीकडे आली नाहीत. हा पेपर ज्याच्याकडे तासिका कमी, त्याच्याकडे सोपवला जाऊ लागला. अनेक ठिकाणी तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता राहिला आणि त्याचे गुण एकूण टक्केवारीत धरले गेले नाहीत. साहजिकच अहवाल एकमेकांचे पाहून उतरवले जाऊ लागले. जो विषय सर्वांचा म्हणून आणला, तो कोणत्याच विभागाचा राहिला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे निवडाधारित श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत, म्हणजे विद्यार्थ्याने निवडलेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक मोजून पदवी देण्याच्या पद्धतीत, त्याला क्षमतावर्धनाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमांत जागा मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पर्यावरण शिक्षण श्रेयांकांसह देण्याची शिफारस केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या पदवी आराखड्यात, जिथे तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात, ते मूल्यवर्धित अभ्यासक्रमांत समाविष्ट झाले. २०२३ मध्ये आयोगाने यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक आराखडा काढला. त्यात चार श्रेयांक असून हवामान बदल, त्याच्याशी जुळवून घेणे, पर्यावरण व्यवस्थापन आणि आंतरराष्ट्रीय करार यांना २००३ च्या तुलनेत बरीच जागा मिळाली आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा विषय आता मूल्यशिक्षण अभ्यासक्रमांच्या गटात येतो. श्रेयांक मिळाल्यामुळे त्याचे गुण आता पदवीच्या हिशेबात धरले जातात, ही पूर्वीपेक्षा निश्चितच चांगली स्थिती आहे. क्षेत्रकार्य नव्या आराखड्यातही शेवटच्या घटकात कायम आहे. त्यासाठी वेळापत्रकात मोकळा दिवस आणि सोबत जाणारा जाणकार शिक्षक द्यायचा की नाही, हे मात्र अजूनही प्रत्येक महाविद्यालयाच्या पातळीवरच ठरते.