नॉर्डिक विद्यापीठांच्या संशोधनाची ग्रंथमितीय तुलना

नॉर्डिक विद्यापीठांच्या संशोधनाची ग्रंथमितीय तुलना : डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे व स्वीडन या पाच देशांतील विद्यापीठांनी किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि पुढच्या संशोधकांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, हे मोजून विद्यापीठांच्या संशोधनाची तुलना करण्याची पद्धत. एका निबंधात दुसऱ्या निबंधाचा संदर्भ दिला जातो त्याला उद्धरण किंवा सायटेशन म्हणतात. अशा नोंदींच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाला ग्रंथमिती किंवा बिब्लिओमेट्रिक्स हे नाव आहे.

तुलनेसाठी हे पाच देश सोयीचे वाटतात. उच्च शिक्षण बहुतांशी सरकारी खर्चाने चालते, विद्यापीठांच्या परंपरा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि संशोधकांचे एकमेकांकडे सतत जाणेयेणे असते. अप्साला (१४७७) आणि कोपनहेगन (१४७९) ही मध्ययुगीन विद्यापीठे, लुंड १६६६ चे, आइसलँड विद्यापीठ १९११ चे आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेले नॉर्वेतील ट्रॉम्सो १९६८ मध्ये स्थापन झालेले. नॉर्डिक मंत्रिपरिषदेने २००५ मध्ये उभी केलेली नॉर्डफोर्स्क ही ऑस्लोस्थित संस्था या क्षेत्रातील सहकार्य पाहते. तिने २०११ मध्ये नॉर्डिक विद्यापीठांची ग्रंथमितीय तुलना करणारा अहवाल काढला आणि पुढील वर्षांत त्याच्या सुधारित आवृत्त्या दिल्या. जागतिक क्रमवारीत ही विद्यापीठे शेकडो इतर विद्यापीठांच्या गर्दीत हरवतात. इथे मात्र सारख्या वळणाची विद्यापीठे शेजारी ठेवून पाहता येतात.

या तुलनेतला खरा कठीण भाग बेरजेच्या आधीचा आहे. कोणता निबंध कोणत्या विद्यापीठाच्या खात्यावर टाकायचा, हे ठरवतानाच निकालाचा मोठा वाटा ठरून जातो.

निबंधाच्या डोक्यावर लेखक आपल्या संस्थेचा पत्ता लिहितो आणि तोच मोजणीचा पाया असतो. एकाच संस्थेचा पत्ता मात्र दहा तऱ्हांनी लिहिला जातो. मूळ भाषेतले नाव, इंग्रजी नाव, लघुरूप, नॉर्डिक लिप्यांतली खास अक्षरे टाकून केलेले लेखन, असे सगळे प्रकार नोंदींत सापडतात. फिनलंडमधील तुर्कू हे याचे बोलके उदाहरण आहे. या शहराचे स्वीडिश नाव ओबो. तिथे ओबो अकादमी हे स्वीडिश भाषेचे विद्यापीठ (१९१८) आणि तुर्कू विद्यापीठ हे फिनिश भाषेचे (१९२०), अशी दोन स्वतंत्र विद्यापीठे नांदतात. याच शहरात १६४० मध्ये स्थापन झालेली जुनी अकादमी १८२७ च्या भीषण आगीनंतर १८२८ मध्ये हेलसिंकीला हलवली गेली आणि तीच आजचे हेलसिंकी विद्यापीठ. शहराच्या नावावर विसंबून निबंध वाटणाऱ्या संगणकाची इथे हमखास चूक होते. म्हणून स्थानिक भाषा जाणणाऱ्या माणसांनी पत्ते तपासल्याशिवाय अशा तुलनेवर भरवसा ठेवू नये.

विद्यापीठे विलीन होतात तेव्हा अडचण आणखी वाढते. डेन्मार्कने २००७ मध्ये १२ विद्यापीठांची ८ केली आणि कित्येक सरकारी संशोधन संस्थाही त्यांत सामावून घेतल्या. पर्यावरण व शेती संशोधनाच्या राष्ट्रीय संस्था ऑर्हूस विद्यापीठात गेल्या, तर रिसो ही प्रयोगशाळा डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात. फिनलंडमध्ये २०१० मध्ये तंत्रशिक्षण, वाणिज्य आणि कला या तीन विद्यापीठांतून आल्टो विद्यापीठ तयार झाले. ट्रॉनहेम येथील नॉर्वेजियन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१६ मध्ये तीन महाविद्यालये पोटात घेतली. अशा वेळी जुन्या वर्षांचे निबंध आजच्या विद्यापीठाच्या नावे टाकायचे, की तेव्हाच्या रचनेप्रमाणेच ठेवायचे? पहिला मार्ग घेतला तर वाढ सावकाश दिसते. दुसरा घेतला तर एका वर्षात मोठी उडी दिसते आणि ती संशोधनाची उडी आहे असा भास होतो.

नॉर्वेतील सिन्टेफ किंवा फिनलंडमधील व्हीटीटी यांसारख्या मोठ्या संशोधन संस्था विद्यापीठांच्या बाहेर आहेत. म्हणजे जे काम डेन्मार्कमध्ये विद्यापीठाच्या खात्यावर पडते, तसेच काम शेजारच्या देशात वेगळ्या संस्थेच्या नावे राहते. विद्यापीठांशी जोडलेल्या रुग्णालयांचा प्रश्नही असाच. कोपनहेगनचे रिग्सहॉस्पिटल, बर्गेनचे हाउकेलांड, स्टॉकहोमचे कारोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालय यांतले डॉक्टर कधी रुग्णालयाचा पत्ता देतात, कधी विद्यापीठाचा, कधी दोन्ही. वैद्यकीय संशोधन हा नॉर्डिक निबंधांचा फार मोठा वाटा असल्यामुळे या एका निर्णयाने विद्यापीठांचा क्रम बदलू शकतो. दर संशोधकामागे किती निबंध, असा हिशेब मांडायचा तर छेदही सारखा नसतो. स्वीडनमध्ये पीएचडी करणारे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. त्यांना संशोधकांत धरायचे की नाही, यावर सरासरी वरखाली होते.

पत्ते लागले की वाटणीचा प्रश्न येतो. समजा एका निबंधाचे चार लेखक आहेत : दोन लुंडचे, एक कोपनहेगनचा, एक बर्गेनचा. पूर्ण मोजणीत तिन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक निबंध मिळतो आणि एकाच निबंधाचे तीन होतात. हिस्सेवार मोजणीत लुंडला अर्धा आणि उरलेल्या दोघांना पाव-पाव. लहान देशांसाठी हा फरक फार मोठा आहे, कारण त्यांचे बरेचसे संशोधन परदेशी सहकाऱ्यांबरोबरच होते. हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे होती. ज्या दोन प्रयोगांतून तो निघाला त्यांपैकी अ‍ॅटलासमध्ये ऑस्लो, बर्गेन, लुंड, अप्साला, स्टॉकहोम, कोपनहेगन ही विद्यापीठे होती, तर सीएमएसमध्ये हेलसिंकीचे संशोधक. पूर्ण मोजणीत प्रत्येकाला अख्खा निबंध आणि त्याची सगळी उद्धरणे मिळतात. हिस्सेवार मोजणीत हातात जेमतेम काही येते. विद्यापीठांची विद्यापीठांशी तुलना करताना हिस्सेवार मोजणी अधिक न्याय्य ठरते. पूर्ण मोजणीतून कळते ते सहकार्याच्या जाळ्यात कोण किती गुंतलेला आहे हे, आणि तेवढ्यासाठीच ती वापरावी.

आइसलँडची गोष्ट इथेच सांगायला हवी. चार लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या देशाचे उद्धरणांचे आकडे कित्येकदा शेजाऱ्यांच्या पुढे गेलेले दिसतात. रेक्याव्हिकमध्ये १९९६ मध्ये स्थापन झालेली डीकोड जेनेटिक्स ही कंपनी आणि देशातील वंशावळींच्या व वैद्यकीय नोंदींच्या आधाराने झालेले जनुकीय संशोधन हे त्याचे एक मोठे कारण. या निबंधांवर अनेक देशांतील लेखकांची लांबलचक यादी असते, ते भरपूर उद्धृत होतात आणि आइसलँड विद्यापीठाचा पत्ताही त्यांवर असतो. एकूण निबंध मुळातच थोडे, त्यामुळे असे काही निबंध सगळी सरासरी वर खेचतात. संशोधन अस्सल आहे यात शंका नाही, पण त्या सरासरीवरून विद्यापीठाच्या इतर विभागांविषयी काहीही कळत नाही.

उद्धरणे जशीच्या तशी मोजणेही चुकीचे. रेणवीय जीवशास्त्रातला निबंध दोन-तीन वर्षांत जितका उद्धृत होतो, तितका गणितातला दहा वर्षांतही होत नाही. म्हणून प्रत्येक निबंधाच्या उद्धरणसंख्येला त्याच विषयातील, त्याच वर्षाच्या व त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीने भागतात. निघालेला विषयसापेक्ष अंक १ असेल तर निबंध जगाच्या सरासरीइतका उद्धृत झाला, १.२ असेल तर २० टक्के अधिक. एवढे करूनही सरासरी एका निबंधाने बिघडू शकते. याचा धडा जर्मनीतील गॉटिंगेनने दिला : २००८ मधील स्फटिकरचनेच्या संगणकप्रणालीवरील एकाच निबंधाला इतकी प्रचंड उद्धरणे मिळाली, की लायडन विद्यापीठाच्या क्रमवारीत सरासरीच्या निकषावर ते विद्यापीठ एकदम दुसऱ्या क्रमांकावर गेले. तेव्हापासून जगातील सर्वाधिक उद्धृत १० टक्के निबंधांत विद्यापीठाचे किती, हा निकष अधिक विश्वासाने वापरला जातो.

अशा मोजणीतून निघालेले आणि सर्वांत जास्त चर्चा झालेले निरीक्षण स्वीडन व डेन्मार्क यांच्याविषयी आहे. १९८० च्या दशकात उद्धरणांच्या कसोटीवर स्वीडन भक्कम स्थितीत होता. १९९० नंतर तो मागे पडत गेला आणि डेन्मार्क त्याच्या पुढे निघून गेला. स्वीडनमध्ये याचे दुःख झाले, कारण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा वाटा खर्च करणारा देश म्हणून त्याची ओळख आहे. गुन्नार ऑक्विस्ट आणि मॅट्स बेनर यांनी २०१२ मध्ये स्वीडनच्या रॉयल विज्ञान अकादमीसाठी केलेल्या तौलनिक अभ्यासात कारणे विद्यापीठांच्या रचनेत शोधली : बाहेरच्या अनुदानांवर फार अवलंबून राहणे, नेमणुका आपल्याच माणसांतून करणे, दुबळे शैक्षणिक नेतृत्व. डेन्मार्कमध्ये १९९१ पासून राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने निवडक गटांना दीर्घ मुदतीचे मोकळे अनुदान दिले होते. या मांडणीतील आकडे पटण्याजोगे आहेत. कारणे मात्र आकड्यांतून आपोआप निघालेली नाहीत, ती अभ्यासकांनी मुलाखती, इतिहास आणि धोरणे वाचून काढली आहेत.

मोजमाप पैशाला जोडले की त्याचे रूप पालटते. नॉर्वेने २००० च्या दशकाच्या मध्यापासून विद्यापीठांच्या निधीचा लहानसा भाग प्रकाशन-गुणांवर वाटायला सुरुवात केली. नियतकालिके व प्रकाशक यांचे दोन स्तर केले. वरच्या म्हणजे दुसऱ्या स्तरात विषयातील सुमारे एक पंचमांश प्रकाशने बसतील अशी मर्यादा ठेवली. पहिल्या स्तरातील लेखाला १ गुण, दुसऱ्यातील लेखाला ३, ग्रंथाला अनुक्रमे ५ व ८, आणि ग्रंथातील प्रकरणाला ०.७ व १. उद्धरणे मोजायचीच नाहीत, त्यामुळे इतिहास, कायदा, भाषा या विषयांनाही हिशेबात मानाची जागा मिळाली. नॉर्वेत लोक या गुणांना 'टेलेकांटर' म्हणू लागले. कपाटात चादरी-टॉवेल मोजायला सोपे जावे म्हणून घडीची जी कड बाहेर ठेवतात ती टेलेकांट. या शब्दातच तक्रार आहे : मोजले जाते ते कडेवरून, आतले कापड कुणी उलगडून पाहत नाही. २०१४ मध्ये ऑर्हूसच्या अभ्यासकांनी केलेल्या मूल्यमापनात प्रकाशनांची संख्या वाढलेली, पण उद्धरणांचा स्तर साधारण तसाच राहिलेला आढळला. पुढे आंतरराष्ट्रीय सहकार्याला उत्तेजन मिळावे म्हणून हिस्सा काढण्याचे सूत्रही बदलण्यात आले.

डेन्मार्कने २००९ पासून हीच कल्पना घेतली आणि २०२१ मध्ये ती बंद केली. नॉर्वेनेही २०२५ पासून प्रकाशन-गुण निधीवाटपातून काढून टाकले. फिनलंडमध्ये विद्वत्सभांच्या महासंघामार्फत चालणाऱ्या जुफो या नियतकालिके व प्रकाशकांच्या वर्गीकरणात शून्य ते तीन असे स्तर आहेत. स्वीडनची वाट वेगळी. तिथे २००९ पासून उद्धरणे थेट निधीच्या सूत्रात आली. ज्या विषयांचे लेखन उद्धरणसूचीत कमी दिसते त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून नॉर्डिक लेखकांच्या सरासरी उत्पादकतेचा आधार घेतला गेला.

या सर्व तुलनांचा कच्चा माल येतो तो मुख्यतः दोन व्यावसायिक सूचींतून. युजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समधून वाढलेली वेब ऑफ सायन्स ही पहिली आणि २००४ ची स्कोपस ही दुसरी. दोन्हींत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा आहे. फिनिश कायद्यावर फिनिशमध्ये किंवा आइसलँडिक सागांवर (मध्ययुगीन गद्यकथांवर) आइसलँडिकमध्ये लिहिणाऱ्याचे काम त्यांत क्वचितच उमटते. भारतातील उच्च शिक्षण संस्थांची एनआयआरएफ क्रमवारीही प्रकाशने व उद्धरणे याच सूचींतून घेते. त्यामुळे मराठीत इतिहास किंवा भाषाशास्त्र यांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या अध्यापकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. नॉर्डिक देशांनी निदान तिच्यावर उघडपणे काम केले. राष्ट्रीय नोंदसूची तयार करून त्यांनी देशी भाषांतील ग्रंथ व लेखही मोजणीत आणले, आणि २०१९ मध्ये फिनिश व नॉर्वेजियन संस्थांच्या पुढाकाराने विद्वत्तेच्या बहुभाषिकतेसाठी हेलसिंकी जाहीरनामा निघाला. जुफोच्या दुसऱ्या स्तरात आज मानव्यविद्या व समाजशास्त्रांतील काही फिनिश आणि स्वीडिश नियतकालिके आहेत. त्यांत छापलेल्या लेखाला त्याच स्तरातील इंग्रजी नियतकालिकातील लेखाइतकेच वजन मिळते.