आधी ठिपके, मग गुणांक

सांख्यिकी शिकताना सहसंबंध गुणांकाचं, म्हणजे दोन राशी एकमेकींच्या जोडीने किती बदलतात हे सांगणाऱ्या आकड्याचं, सूत्र पाठ होतं, उणे 1 ते अधिक 1 यांच्यामध्ये कुठेतरी उत्तर येतं आणि गणित सुटतं. विकीर्ण आकृती, म्हणजेच स्कॅटर डायग्राम, बहुतेकदा मार्कांपुरती काढली जाते. खरं तर तिचा मान पहिला.

आकृती काढायला फार काही लागत नाही. आडव्या अक्षावर एक राशी, उभ्या अक्षावर दुसरी आणि प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. ठिपके उजवीकडे चढत गेले तर धन सहसंबंध, उतरत गेले तर ऋण. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये 205 जोडपी आणि त्यांची 928 प्रौढ मुलं यांच्या उंचीच्या नोंदी अशाच आडव्या-उभ्या मांडल्या. जिथे सारख्याच संख्येने नोंदी पडल्या त्या जागा जोडत गेल्यावर त्यांना लंबवर्तुळं दिसली. आज वापरतो ते गुणांकाचं सूत्र ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1896 मध्ये मांडलं. म्हणजे इतिहासातही चित्र आधी आलं, सूत्र नंतर.

1973 मध्ये फ्रान्सिस अँस्कोम या सांख्यिकीतज्ज्ञाने 11-11 ठिपक्यांचे चार संच मुद्दाम रचले. चारही संचांत एका राशीची सरासरी 9, दुसरीची सुमारे 7.5 आणि गुणांक सुमारे 0.82. कागदावर मांडले की मात्र चौघांचे चार चेहरे. पहिल्यात ठिपके साधारण सरळ रेषेभोवती विखुरलेले. दुसऱ्यात स्वच्छ वक्र. तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ अचूक एका रेषेत आणि एकच भरकटलेला. चौथा तर चक्क लबाड: दहा ठिपके एकाच उभ्या रेषेवर आणि अकरावा दूर एकटा. तो पुसला तर गुणांक काढताच येत नाही, कारण मग आडवी राशी बदलतच नाही. 0.82 हा सगळा त्या एका ठिपक्याचा प्रताप!

उलटही घडतं. उणे 2, उणे 1, 0, 1, 2 या संख्या आणि त्यांचे वर्ग घ्या. पहिली संख्या कळली की दुसरी नक्की कळते, तरी गुणांक येतो शून्य. पिअर्सनचं सूत्र फक्त सरळ रेषेतलं नातं मोजतं. वक्राची त्याला गंधवार्ता नसते.

आकड्याच्या आकाराबद्दलही घोळ होतो. 0.8 हा 0.4 च्या दुप्पट घट्ट संबंध नव्हे. रेषेच्या आधारे एका राशीवरून दुसरीच्या चढउताराचा किती भाग समजतो, ते गुणांकाच्या वर्गावरून ठरतं: इथे 64 टक्के आणि 16 टक्के, म्हणजे चौपट. रेषा किती तिरकी आहे हे तर गुणांक सांगतच नाही; उंची सेंटिमीटरमध्ये मोजा की इंचांत, तो बदलत नाही.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे सगळ्यांनाच तोंडपाठ असतं. उंच मुलांचा शब्दसंग्रह मोठा असतो, कारण ती वयाने मोठी असतात. एवढं पुरे.

त्यापेक्षा कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे निवडीचा परिणाम. प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढच्या अभ्यासक्रमातले गुण यांचा संबंध बघायचा, तर दुसरा आकडा फक्त प्रवेश मिळालेल्यांचाच हाती असतो. ठिपक्यांच्या लांबट ढगाचा उजवा तुकडा तेवढा कापून पाहावा तसं होतं: तुकडा जवळजवळ गोल दिसतो, गुणांक घसरतो आणि प्रवेश परीक्षा निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष निघतो. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही, त्यांचे ठिपके त्या आकृतीत नसतातच.